वाहनात वहाणा

“खोटं बोलतात! तोंडावर, छापून, रंगीत कागदावर खोटं बोलतात! आणि एकालाही लाज वाटत नाही!”

“कोण रे?” आक्कांनी विचारलं.

“सगळे!”

“सगळे म्हणजे... मी पण?”

 निनादने व्हॅनचं दार आपटलं.

खिंडीतल्या मठासमोर, मे महिन्याच्या सकाळच्या उन्हात, ती पांढरी व्हॅन उभी होती. आत डिझेलचा काटा लाल रेघेला टेकला होता. शेजारी पंपाचं छोटंसं चित्र पिवळं पेटलं होतं.

आक्का मठाच्या पायरीवर बसून पावटे सोलत होत्या. खिंडीतल्या त्या म्हाताऱ्या संन्यासिनीला सारा डोंगर आक्का म्हणे. कुणाच्या आक्का, हे कुणाला माहीत नव्हतं.

निनाद इंजिनिअर होता. पुण्यातली नोकरी सोडून वर्षापूर्वी इथे आला होता. त्याला दीक्षा हवी होती. लगेच हवी होती.

आक्कांनी त्याला मंत्र दिला नाही. किल्ली दिली.

एक भक्त मठाला गाडी देणार होता. कुठली देऊ ते सांगा, म्हणाला. निनादने चार गाड्यांची पत्रकं चटईवर मांडली आणि हीच निवडली. हिच्या पत्रकावर लिहिलं होतं, एका लिटरला वीस किलोमीटर.

काम एकच. डोंगरावरच्या वाड्यांतली म्हातारी माणसं खाली तालुक्याला, डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायची. आणि परत आणून सोडायची.

“हीच साधना,” आक्का म्हणाल्या होत्या.

निनादला ती साधना वाटली नव्हती. त्याला ती ड्रायव्हरकी वाटली होती.

आणि आज सकाळी दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर बाई उद्याऐवजी आजच शहरात परत निघणार होत्या. टेपवाडीच्या ठकूबाई ढेबेंचं उद्याचं ऑपरेशन आज होणार होतं. दुपारी दोनच्या आत त्यांना घेऊन या, नाहीतर मग पावसाळा संपल्यावर बघू.

ठकूबाईंचा एक डोळा केव्हाच गेला होता. उरलेल्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर बाई मागच्या वेळी स्पष्ट म्हणाल्या होत्या, हा पावसाळाभर थांबणार नाही.

“टाकीत आहे किती?” आक्कांनी विचारलं.

“पाच लिटर. असेल-नसेल. आज संध्याकाळी भरणार होतो.”

“पुरेल?”

“वर टेपवाडी वीस किलोमीटर. तीच वाट परत. मग खाली तालुका चाळीस. झाले ऐंशी. पंप आहे फक्त तालुक्यात. पत्रकातल्या आकड्याने गेलो तर शंभर किलोमीटर जाऊ. माझ्या रोजच्या आकड्याने साठ! म्हणजे तालुक्याच्या वीस किलोमीटर अलीकडे, मधल्या माळावर, भर उन्हात...”

“आधी खाली जाऊन भरून आण.”

“दोन वाजून जातील, आक्का.”

“वडापची भाड्याची जीप?”

“वऱ्हाड घेऊन गेली. परवा येईल.”

आक्कांनी एक शेंग उचलली.

“गाडी किती देते म्हणालास?”

“कंपनी म्हणते वीस देते. देते बारा.”

“देते...” आक्कांनी तो शब्द शेंगेसारखा सोलून बघितला. “गाडी देते?”

“म्हणायची पद्धत आहे ती. ॲव्हरेज देते.”

“आणि घेतं कोण?”

 निनाद गाडीभोवती फिरत होता, पिंजऱ्याबाहेर फिरावं तसा.

“हे वीस त्यांनी आणले कुठून?” आक्कांनी विचारलं.

“मी सांगतो कुठून!” निनाद थांबला. “कॉलेजात असताना बघून आलोय मी. गाडी एका खोलीत घेतात. चाकं लोखंडी रोलरवर चढवतात. गाडी जागच्या जागी धावते. चढ नाही, खड्डा नाही, वारा नाही, म्हैस नाही! एसी बंद. समोर पडद्यावर एक रेघ. कधी वेग घ्यायचा, कधी सोडायचा, सगळं त्या रेघेवर ठरलेलं. ड्रायव्हर त्याच कामाला तयार केलेला. त्याचा पाय त्या रेघेवरून ढळत नाही. वर एक पंखा लावतात समोर, आणि म्हणतात, हा रस्ता!”

आक्का हसायला लागल्या. पदराने डोळे पुसावे लागले त्यांना.

“म्हणजे... गाडीला ध्यानाला बसवतात!”

“आक्का, थट्टा नको.”

“थट्टा कुठली? माझ्याकडेही येतात ना. आतल्या खोलीत बसले की वीस! काय ती शांती, काय तो चेहरा. मग बाहेर येतात, पायरीवर चप्पल दिसत नाही... की बारा.”

मागच्या गुरुवारी कुत्र्याने निनादचा एक बूट पळवला होता. ध्यानातून उठल्यावर निनाद जे बोलला, ते सगळ्या खिंडीने ऐकलं होतं.

त्याचे कान लाल झाले.

“म्हणजे आकडा खोटाच ना?” तो म्हणाला.

“आकडा खरा आहे. रस्ता नाही.”

“मग तसं लिहा! मोठ्या अक्षरात लिहा, की हा आकडा खोलीतला आहे, घाटात नेऊ नका! माणूस त्या आकड्यावर भरवसा ठेवतो, आक्का. मी ठेवला. गाडी आली तेव्हा मी टेपवाडीला शब्द दिला त्या आकड्यावर!”



निनादचं बरोबर होतं. आणि आक्कांनी ते नाकारलं नाही.

“लिहायला हवं,” त्या हळूच म्हणाल्या. “कोण लिहिणार?”

...

मग त्यांनी पावट्याची पाटी बाजूला सारली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

“चल.”

“कुठे?”

“टेपवाडीला.”

“पोचणार नाही म्हणतोय मी!” निनाद ओरडला. “एका म्हातारीचा डोळा आहे हा, तुमचा दृष्टांत नाही!”

“म्हणून तर चल म्हणते.”

त्या व्हॅनच्या पुढच्या दारापाशी आल्या. दार उघडलं. वहाणा काढून पायरीजवळ नीट ठेवल्या. मग अनवाणी आत चढून बसल्या.

निनाद धुमसत स्टिअरिंगमागे बसला. आक्कांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. जाड तळव्याचे, डोंगर चढायचे बूट.

“वाहनात वहाणा?”

“काय?”

“देवळात काढतोस. मठात काढतोस. दसऱ्याला हिलाच हार घातलास, कुंकू लावलंस, तेव्हाही काढले होतेस. मधल्या महिन्यांत देव उठून गेला की काय?”

“आक्का, आत्ता वेळ आहे का...”

आक्का समोर बघत बसल्या. मठातले जुने लोक सांगत, आक्का अशा समोर बघायला लागल्या की वाद संपला.

निनादने बूट काढले, मागच्या सीटवर भिरकावले.

“खाली ठेव. त्यांना कशाला डोंगर दाखवतोस?”

बूट खाली गेले, आक्कांच्या वहाणांशेजारी.

त्याने किल्ली फिरवली. उजवा पाय पेडलवर ठेवला.

आणि तो दचकला.

पेडल थरथरत होतं.

वर्षभर तो ही गाडी चालवत होता. पेडल थरथरतं हे त्याला माहीत नव्हतं. तळव्याखाली काहीतरी जिवंत होतं. जरा दाबलं की ते भरून येत होतं. आणखी दाबलं की नुसतंच कुरकुरत होतं.

त्याने पाय उचलला. इंजिन बंद केलं.

“थांबा,” तो म्हणाला.

तो खाली उतरला. टपावर मागच्या शिबिराच्या लोखंडी खुर्च्या बांधलेल्या होत्या, महिनाभर तशाच. त्याने दोर सोडला, खुर्च्या उतरवल्या. पायपंप आणला, चारही चाकांत हवा भरली. घाम निथळत होता. परत बसून एसी बंद केला, काच खाली केली.

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हे तो शिकला होता, परीक्षेत लिहूनही आला होता. रोजच्या रस्त्यावर फक्त कधी आठवलं नव्हतं.



व्हॅन घाट चढू लागली.

पहिल्याच वळणावर पुढे वाळूचा ट्रक आला. धूर सोडत, कण्हत चाललेला. निनादचा हात आपसूक हॉर्नवर गेला. पाय खाली गेला. गाडी उसळली, ट्रकच्या पाठीशी भिडली, मग कचकन ब्रेक.

“घाई कुणाला आहे?” आक्कांनी विचारलं.

“ठकूबाईंना!”

“ठकूबाई ओट्यावर बसून आहे. घाई तुझ्या अंगठ्याला आहे.”

निनादने खाली पाहिलं. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा पेडलवर वाकून रुतला होता. नख पांढरं पडलं होतं.

बुटात हे दिसलं नसतं.

त्याने अंगठा सैल केला. ट्रकच्या मागे अंतर सोडलं. ट्रकचा वेग तो आपला वेग. तळव्याखालची थरथर शांत झाली, एका लयीत आली.

मागून एसटी आली. भोंगा वाजवत, धुरळा उडवत शेजारी आली. कंडक्टरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

“ओ पाहुणे! नवरदेव कुठाय? वरात चाललीय काय?”

बसमधले सगळे हसले. बस व्हॅनला आणि ट्रकला मागे टाकून पुढे निघून गेली.

निनादचा जबडा आवळला गेला.

आक्का रस्त्याकडे बघत नव्हत्या. त्या त्याच्या पायाकडे बघत होत्या.

“गेला,” त्या म्हणाल्या.

“काय गेलं?”

“अंगठा. बसच्या मागे गेला बघ.”

निनादला हसू फुटलं. त्याला नको होतं, तरी फुटलं. अंगठा परत आला.

पुढे ट्रक एका फाट्याला वळून गेला. रस्ता मोकळा झाला. मोकळा झाला तरी पाय खाली गेला नाही. पुढच्या वळणापलीकडे धुरळा दिसत होता. म्हशी असणार. निनादने लांबूनच पाय उचलला. गाडी चढाला लागून आपोआप मंदावत गेली. ती पोचेपर्यंत म्हशी रस्ता ओलांडून गेल्या होत्या, शेवटचं रेडकू तेवढं उरलं होतं. तेही गेलं. व्हॅन न थांबता, ब्रेकला पाय न लावता, मधून निघून गेली.

शेजारी ती एसटी तिरकी उभी होती. म्हशींच्या पार जवळ जाऊन दाबलेला ब्रेक, बंद पडलेलं इंजिन, खरखर करणारा स्टार्टर. कंडक्टर खाली उतरून टायरकडे बघत होता.

“राम राम!” निनाद ओरडला. “मुहूर्त टळला वाटतं!”

आक्का म्हणाल्या, “हं. ही थरथर पण बघ.”

“कुठली?”

“छातीतली.”

 निनादच्या चेहऱ्यावरून हसू गेलं नाही, आणि आक्कांनीही ते पुसायला लावलं नाही.

टेपवाडी म्हणजे कारवीच्या कुडाची सात-आठ घरं. फोनवर निरोप मिळाल्यापासून ठकूबाई ओट्यावरच बसल्या होत्या, गाठोडं मांडीवर, काठी हातात. गाडीचा आवाज ऐकून उभ्या राहिल्या. त्यांनी तोंड आवाजाकडे वळवलं, थोडं चुकून, गोठ्याकडे.

“कोण, इंजनेर का?”

“मीच, आजी.”

“उशीर केलास. मागल्या खेपंला वाऱ्यावानी आलास, आन् आज मुंगीवानी.”

“मागच्या खेपेला तुम्हाला उलटी झाली होती ना?”

“झाली की! दोनदा झाली. पर येळंवर झाली.”

निनादने त्यांना हात धरून बसवलं. मग राहवेना म्हणून खरं ते सांगून टाकलं. डिझेल कमी आहे, वाटेत संपेलही, संपलं तर आज ऑपरेशन होणार नाही.

ठकूबाईंनी ऐकून घेतलं.

“संपलं तर चालू. डोळं न्हाईत, पाय हायेत.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “पर संपवू नगंस, लेकरा. मला नातीचं त्वांड बघायचंय. दिवाळीत झाली. सगळी म्हणत्यात माझ्यावानी हाय. खोटं बोलत असतील तर?”

निनादने आक्कांकडे पाहिलं. आक्का समोर बघत होत्या.

उतार लागला.

काटा आता लाल रेघेच्या खाली गेला होता. पिवळं चित्र मिचमिचायला लागलं.  पुढे घाटाची लांबच लांब उतरण दिसत होती, आणि निनादच्या मनात एक विचार आला. असा विचार, जो या घाटात पुष्कळांच्या मनात येतो.

त्याचा हात किल्लीकडे गेला. इंजिन बंद. नुसतं घरंगळत जायचं. फुकट.

आक्कांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. सुरकुतलेला, हलका हात.

“उतारावर इंजिन बंद करणारे लवकर पोचतात.”

“मग?”

“खाली.”

डाव्या हाताला दरी होती.

निनादने हात मागे घेतला. त्याला ठाऊक होतं. इंजिन बंद झालं की ब्रेक जड होतो, स्टिअरिंग दगड होतं. ठाऊक असूनही हात गेला होता.

आणि मग त्याला दुसरी गोष्ट आठवली. तीही ठाऊकच होती.

त्याने गाडी गिअरमध्ये ठेवली. इंजिन चालू. आणि पेडलवरून पाय उचलला. पुरता उचलला. अनवाणी तळवा हवेत राहिला.

उतार गाडीला ओढत होता. गिअर तिला धरून होता. इंजिन फिरत होतं, आणि एक थेंबही पीत नव्हतं.

वळणामागून वळण गेलं.  खिडकीतून करवंदीचा वास आला.

“आक्का...” निनादचा आवाज बदलला होता. “आत्ता गाडी किती देते, सांगू?”

“किती?”

“मोजताच येत नाही. ती काही घेतच नाहीये.”

आक्कांनी डोळे मिटले.

 वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना काही बोलावंसं वाटलं नाही.

मठ आला आणि मागे पडला. पायरीजवळ दोन वहाणा आणि दोन बूट उन्हात शेजारी शेजारी बसले होते.

मग मधला माळ. सरळ, तापलेला, झाड नसलेला रस्ता. इथे गाडी बंद पडणार होती. निनादने सकाळीच सांगितलं होतं. काटा केव्हाच मेल्यासारखा पडला होता, त्याच्याकडे बघण्यात अर्थ नव्हता. निनाद तळव्याने ऐकत होता. थरथर आहे... आहे... अजून आहे.

एक पांढरी मोटार सुसाट मागून आली, पुढे गेली, दिसेनाशी झाली. अंगठा जागचा हलला नाही.

ठकूबाई मागे घोरत होत्या.

मैलाचा दगड आला. तालुका, वीस.

तो दगड मागे गेला.

  पुढचा दगड मागे गेला. त्याच्या पुढचा गेला. मग साखर कारखान्याची चिमणी दिसली, मग पहिली पत्र्याची दुकानं, मग उजव्या हाताला पंप.

“पंप,” आक्का म्हणाल्या.

“आधी दवाखाना.”

“संपलं तर?”

“संपलं तर चालू!” निनाद म्हणाला. “पाय हायेत!”

दवाखान्याच्या दारात व्हॅन उभी राहिली तेव्हा दोनला थोडा अवकाश होता. डॉक्टर बाई व्हरांड्यात घड्याळ बघत उभ्या होत्या. त्यांनी हात केला. नर्सने ठकूबाईंना आत नेलं. दार बंद झालं.

निनादने गाडी वळवली. पंपाचं छप्पर दिसलं, आणि इंजिन खोकलं. एकदा. दोनदा.

मग गप्प झालं.

तळव्याखाली काहीच उरलं नाही.

निनाद खाली उडी मारून उतरला आणि किंचाळला. डांबर तव्यासारखं तापलं होतं. तो या पायावरून त्या पायावर नाचत होता आणि हसत होता. दोन रिक्षावाले धावत आले. कुणाला वाटलं अपघात झाला, कुणाला वाटलं लॉटरी लागली. सगळ्यांनी मिळून व्हॅन ढकलली. आक्का पुढच्या सीटवर पालखीत बसल्यासारख्या बसून होत्या.

“ऐंशी!” निनाद ढकलता ढकलता ओरडत होता. “आक्का, ऐंशी झाले! वीस नाही, पण बाराही नाही! सोळा! लिटरला सोळा!”

व्हॅन पंपाच्या सावलीत आली. निनाद खिडकीपाशी येऊन उभा राहिला. धापा टाकत. पाय काळे, चेहरा उजळलेला.

“आक्का, आज द्या.”

“काय?”

“दीक्षा.”

आक्कांनी खिडकीतून वाकून त्याच्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“आधी चपला घे,” त्या म्हणाल्या. “भाजतंय.”

त्यानंतर निनादने काय केलं, तेही सांगायला हवं.

तो दर खेपेला टाकी काठोकाठ भरून मोजू लागला. एकदा अनवाणी पायाने. एकदा जाणूनबुजून घाईत, अंगठा पेडलवर रुतवून. आकडे पुन्हा पुन्हा तेच आले. मग त्याने पिवळ्या रंगाचा डबा आणला आणि व्हॅनच्या पाठीवर, जिथे लोक नजर लागू नये म्हणून काहीबाही लिहितात तिथे, स्वतःच्या हाताने लिहिलं:

खोलीत वीस, घाटात सोळा, घाईत बारा.

आक्कांनी ते वाचलं. दोनदा वाचलं.

“कोण लिहिणार, विचारलं होतंत ना,” निनाद म्हणाला.

आक्कांनी उरलेल्या रंगात बोट बुडवलं आणि ओळीच्या शेवटी, शाबासकीसारखा, एक ठिपका ठेवला.

आठवड्याभरात वडापच्या जीपमागे ओळ उगवली. घाटात चौदा, वऱ्हाडात दहा. मग वाळूच्या ट्रकमागे. रिकामा सात, भरलेला चार, बायको शेजारी असेल तर पाच. तालुक्यातल्या गाड्या विकणाऱ्या दुकानात गिऱ्हाईकं पत्रक हातात घेऊन विचारू लागली, “हा आकडा खोलीतला का घाटातला?” दुकानदार आधी चिडला. मग एका सकाळी त्याने फळ्यावर दोन रकाने आखले.

निनादने ते पाहिलं. रस्त्यातच त्याने आरोळी ठोकली, आणि कुणाची लाज बाळगली नाही.

पावसाच्या तोंडावर एकदा तो ठकूबाईंना दवाखान्यातल्या नर्सला डोळा दाखवायला खाली घेऊन आला. परतताना पंपावर थांबला. पंपावर नवा माणूस होता. तो व्हॅनच्या मागे गेला, पाठीवरची ओळ ओठ हलवत वाचली, नळी टाकीला लावली आणि निनादकडे बघून हसला.

“तीन-तीन आकडे लिहिलेत साहेब. नक्की देते किती ही?”

निनादने तोंड उघडलं.

मागच्या खिडकीतून आधी काठी बाहेर आली, मग काळा चष्मा कपाळावर सारलेल्या ठकूबाई.

“डोळा देती, डोळा! आन् तू आधी तुजं ते मीटर शून्यावर आण. मला दिसतंय हितनं.”